कोर्टाची पहिली तारीख



लासलगावहून विंचूर ओलांडले की पुढे निफाड. त्या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्याआधी, १८७५ मध्ये, पुण्यातील वसंत व्याख्यानमाला त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. कायदा जाणणाऱ्याने लोकांसमोर उभे राहून त्यांना कळेल अशा भाषेत बोलले पाहिजे, ही परंपरा आपल्या तालुक्याच्या सुपुत्राची आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचाही आग्रह असे की व्याख्यान ऐकून उठणाऱ्याच्या हाती उद्या उपयोगी पडेल असे काही असावे. म्हणून मी आज एक साधा विषय निवडला आहे. वाहन चालवताना पहिल्यांदाच गुन्हा घडला आणि कोर्टाचे समन्स घरी आले, तर माणसाने काय करावे?

लासलगावात हा विषय का, हे सांगायला नको. १९४७ मध्ये इथे बाजार समिती उभी राहिली आणि गावाचे सारे जीवन चाकांवर आले. हंगामात ट्रॅक्टर, पिकअप आणि छोटा हत्ती यांची रांग लांबवर जाते. शेतात लागवडीला मजूर बायका नेण्यापासून रात्री उशिरा कांदा भरून निघण्यापर्यंत प्रत्येक कामात गाडी आहे, आणि ती चालवणारा बहुतेक वेळा घरातलाच पोरगा असतो. ज्या घराने तीन पिढ्यांत पोलीस ठाण्याचा उंबरा ओलांडला नाही, त्या घरात कोर्टाचा पहिला कागद येतो तो गाडीमुळेच. तो कागद हातात पडला की घर हादरते, आणि त्या घाबरलेपणात माणसे चुकीच्या गोष्टी करतात.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचे वाटेल. समजा, वीस वर्षांचा एक मुलगा मित्राच्या हळदीला गेला. रात्री थोडी घेतली आणि मोटारसायकलवर घराकडे निघाला. विंचूर चौफुलीवर नाकाबंदी होती. पोलिसांनी यंत्रात फुंकायला सांगितले आणि आकडा आला ६२. कोणाला इजा झालेली नाही, कुठे धडक नाही. मुलगा कॉलेजात शिकतो, पोलीस भरतीची तयारी करतो, पूर्वी त्याच्यावर एकही गुन्हा नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर तो गुन्हा. इंग्लंडमध्ये हीच मर्यादा ८० आहे. आपला कायदा त्याहून बराच कडक आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण हाच कायदा आरोपीलाही काही देतो. या कलमाखाली अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. ती न झाल्यास कलम २०२ प्रमाणे त्याला सोडावे लागते. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा त्याचा हक्क आहे. पोलिसांनी परवाना ताब्यात घेतला तर त्याची पोहोच मिळाली पाहिजे. मुलाच्या वडिलांना हे माहीत असेल तर ती रात्र निम्म्या भीतीने निघते.

सकाळी घरात माणसे जमतात. काका म्हणतात, "माझी ओळख आहे, मिटवून टाकू." मामा म्हणतो, "किती लागतील ते विचार." हे प्रेमापोटीच होते, पण इथेच पहिली मोठी चूक घडते. हेल्मेट, कागदपत्रे, वेगमर्यादा अशा अनेक गुन्ह्यांत कलम २०० प्रमाणे ठरलेली रक्कम भरून प्रकरण कायदेशीररीत्या संपवता येते. ई-चलन हा त्याचाच प्रकार. कलम १८५ मात्र त्या यादीत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरण चौकीत, ठाण्यात किंवा कुणाच्या बंगल्यावर मिटवण्याचा अधिकार कोणालाच नाही. ते फक्त न्यायालयात संपते. जो पैसे घेऊन मिटवतो म्हणतो, तो लाच घेतो आहे. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मुलाचा दहा हजारांच्या दंडाचा गुन्हा लपवायला गेलेला बाप त्याहून फार मोठ्या गुन्ह्यात सापडतो.

हे टोकाला गेले की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले. लोकांचा संताप उसळला, आणि तो समजण्यासारखा होता. पण त्या प्रकरणातली मला सर्वांत भयंकर वाटणारी गोष्ट पुढे आली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाच्या आई-वडिलांना आणि आजोबांनाही अटक झाली. आरोप सिद्ध व्हायचे की नाही, ते न्यायालय ठरवील. एका रात्रीच्या अपराधामागे वडीलधाऱ्यांची अशी रांग उभी राहावी, एवढी गोष्ट मात्र आपल्यासाठी पुरेशी आहे. ज्या घरात मुलगा चुकला की सगळे त्याला लपवायला धावतात, त्या घरात चुकीची जबाबदारी घ्यायला शिकवणारा कोणी उरत नाही.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भाऊबंदकीच्या बांधासाठी पिढ्यान्‌पिढ्या खटले लढणाऱ्यांना हे सांगणे योग्यच आहे. पण समन्स आलेल्याने हीच म्हण धरून घरी बसणे घातक आहे. तारखेला गैरहजर राहिले की आधी जामीनपात्र वॉरंट निघते, मग अजामीनपात्र. मग एखाद्या सकाळी पोलीस दारात उभे राहतात, आणि जे काम एका दिवसात झाले असते त्यासाठी माणूस कोठडी पाहतो. समन्स आलेल्या शहाण्याने पायरी चढलीच पाहिजे, आणि वेळेवर चढली पाहिजे.

त्या दिवशी काय होते, हे माहीत नसल्यामुळेच अर्धी भीती असते. म्हणून क्रमाने सांगतो. समन्स, ओळखपत्र, परवान्याची पोहोच, गाडीचे आरसी पुस्तक, विमा आणि पीयूसी घेऊन सकाळी कामकाज सुरू होण्याआधी पोहोचावे. कपडे साधे आणि नीटनेटके असावेत. बोर्डावर आपला क्रमांक पाहावा, म्हणजे पुकारा झाल्यावर धावपळ होत नाही. मोबाइल बंद ठेवावा. नाव पुकारले की पुढे जाऊन उभे राहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम २७४ प्रमाणे दंडाधिकारी आरोप काय आहे ते सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. तेव्हा आरोप मराठीत ऐकण्याचा आणि समजला नाही तर "साहेब, पुन्हा सांगावे" असे म्हणण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. तसे म्हटल्याने कोणी रागावत नाही. न समजता मान हलवणारा माणूस न्यायालयालाही नको असतो.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. दोनच उत्तरे आहेत, आणि दोन्हींना किंमत आहे. "कबूल आहे" म्हटले की ते नोंदवले जाते आणि न्यायालय त्याच दिवशी शिक्षा देऊ शकते. लोक म्हणतात, "दंड भर आणि मोकळा हो." पण तो नुसता दंड नसतो, दोषी ठरल्याची नोंद होते, आणि पुढच्या वेळी तीच नोंद दुसऱ्या गुन्ह्याची मोठी शिक्षा घेऊन येते. म्हणून आजच्या आज सुटका होईल एवढ्यासाठी न केलेला गुन्हा कबूल करू नये. यंत्राच्या आकड्याची छापील पावती नसेल, डॉक्टरांची तपासणी वेळेत झाली नसेल, गाडी दुसराच कोणी चालवत असेल, तर "कबूल नाही" असे स्पष्ट सांगावे आणि सरकार पक्षाला पुरावा द्यायला लावावा. तो आपला हक्क आहे. पण दारू प्यायलो होतो, गाडी मीच चालवत होतो, हे स्वतःला पक्के ठाऊक असताना निव्वळ वेळ काढण्यासाठी नाकारणे, साक्षीदार कंटाळतील म्हणून तारखांवर तारखा घेणे, हे मी वकील म्हणून कोणालाही सुचवणार नाही. त्यात वर्षे जातात, आणि खोटे बोलायची सवय कायमची लागते.

वकील लागतो का? घ्यावा. परवडत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले आणि मर्यादित उत्पन्नाचे लोक यांना तो हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. तिथे साधा अर्ज करायचा. संविधानाच्या कलम ३९ अ मध्ये सांगितलेले न्यायाचे समान दार ते हेच.

गुन्हा कबूल झाला किंवा सिद्ध झाला, तर पहिलेपणाला कायद्यात किती किंमत आहे? आहे, आणि चांगली आहे. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा याचसाठी झाला. ज्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंतच कैद आहे आणि आरोपी पूर्वी दोषी ठरलेला नाही, तिथे न्यायालय समज देऊन सोडू शकते, किंवा चांगल्या वर्तनाचा बाँड घेऊन काही काळ परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर कलम ६ सांगते की सहसा त्याला तुरुंगात पाठवू नये, आणि पाठवायचे तर न्यायालयाने कारणे लिहावीत. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, अशीही तरतूद आहे. आपल्या उदाहरणातला वीस वर्षांचा मुलगा या सगळ्यात बसतो. पण हा न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. न्यायालय पाहते की मुलगा तारखेला आला का, खरे बोलला का, आणि त्या रात्रीनंतर त्याने काय बदलले. "साहेब, घरची परिस्थिती गरिबीची आहे" एवढे सांगून भागत नाही.

आणि या दयेला एक सीमा आहे, तीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रस्त्यावर कोणाचा जीव गेला की पहिलेपणाचे वजन फार हलके होते. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बेदरकारपणे वाहन चालवून मृत्यू घडवणाऱ्याला परिवीक्षेचा लाभ सहजासहजी देऊ नये. तुरुंगाची भीती चालकाच्या मनात राहिली पाहिजे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ते सदोष मनुष्यवधाचे प्रकरण मानून तीन वर्षे दिली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच शिक्षा कायम ठेवली. पदपथावर निजणाऱ्या मजुराचा जीव स्वस्त नाही, हे त्या निकालाने देशाला बजावले.

म्हणून चौफुलीवर अडवला गेलेला मुलगा, खरे पाहता, भाग्यवान आहे. त्याच रस्त्यावर थोडे पुढे मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असू शकली असती, किंवा पहाटे लागवडीला निघालेल्या बायकांचा पिकअप समोर येऊ शकला असता. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. पोलिसांनी अडवले याचा राग धरण्याआधी त्या घरांचा विचार करावा. आणि दुर्दैवाने धडक झालीच तर पळू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात नेणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेतल्या, धडक देऊन पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या थांबवल्या, शेजारच्या पानेवाडीच्या इंधन डेपोवर टँकर उभे राहिले. जमावाच्या मारहाणीची त्यांची भीती खोटी नव्हती, आणि ती तरतूद अजून लागू झालेली नाही. पण जमावाची भीती असेल तर पुढच्या पोलीस ठाण्यात जाऊन कळवता येते. जखमीला रस्त्यावर तडफडत सोडून जाण्याला मात्र कुठलेच समर्थन नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना वेगळे सांगतो. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती विचारतात, आणि मुले घाबरून "नाही" लिहितात. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबाबत नियम घालून दिले. माहिती खरी दिली पाहिजे. खरी दिल्यावर नेमणूक करणारा गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घेतो. किरकोळ गुन्ह्याकडे दुर्लक्षही करू शकतो. लपवले आणि नंतर उघड झाले, तर मात्र लागलेली नोकरीही जाऊ शकते. एका रात्रीच्या चुकीपेक्षा त्या चुकीबद्दलचे खोटे जास्त महाग पडते.

आता घरातल्या मोठ्यांकडे वळतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल देणे ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट समजली जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ सांगते की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मला माहीत नव्हते, किंवा मी पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकाचीच. विम्याचेही ऐका. परवाना नसलेल्याने अपघात केला तर विमा कंपनी पीडिताला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, हे २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून पक्के आहे. आयुष्यभर कसलेली जमीन अशा एका वसुलीत जाऊ शकते. पिकअपवाल्यांसाठी एक चांगली गोष्ट: हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निश्चित केले.

शिक्षेइतकेच शिक्षण महत्त्वाचे, हे नाशिकने दाखवून दिले आहे. २०२१ मध्ये शहर पोलिसांनी हेल्मेट न घालणाऱ्या चालकांना ट्रॅफिक पार्कमध्ये नेऊन दोन तास समुपदेशन दिले. इंग्लंडमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या पहिल्याच गुन्ह्याला किमान बारा महिने परवाना जातो, पण न्यायालयाने सुचवलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यास त्या बंदीतला एक चतुर्थांशापर्यंतचा काळ कमी होतो. आपल्या तालुक्यातही असे काही का होऊ नये? बाजार समिती, महाविद्यालये, वकील संघ आणि पोलीस यांनी मिळून महिन्यातून एक वर्ग घ्यावा. पहिल्यांदा चुकलेल्या मुलाने तो पूर्ण केल्याचे पत्र न्यायालयापुढे ठेवावे. न्यायालय त्याची दखल घेईल असे मला वाटते. हळदीच्या मांडवातही यजमानाने एवढे करावे: ज्याने घेतली आहे त्याची किल्ली ठेवून घ्यावी आणि त्याला घरी सोडण्याची सोय करावी.

श्रोतेहो, माझे सांगणे थोडक्यात इतकेच आहे. ज्याच्या घरी समन्स आले असेल त्याने ते कपाटात ठेवू नये. मिटवून देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. विधी सेवा समितीकडे किंवा वकिलाकडे जावे, आरोप समजून घ्यावा, तारखेला वेळेवर हजर राहावे आणि खरे तेच सांगावे. आई-वडिलांनी मुलाच्या शेजारी उभे राहावे, पण त्याच्या वतीने खोटे बोलू नये. कायद्याने पहिल्यांदा चुकलेल्याला सुधारायची जागा ठेवली आहे, आणि ती तारखेला हजर राहणाऱ्यालाच मिळते. तुमच्या ओळखीत कोणाची तारीख असेल, तर उद्या सकाळीच त्याला हे सांगा.